‘सोलरला अर्थिंग लागत नाही’ हे खरे का? सत्तरीतल्या एका घराच्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे: गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या आत, कुळागराला (पोफळीच्या बागेला) लागून जुने नळ्यांचे (कौलारू) घर. वीज खात्याचा शेवटचा खांब दीड किलोमीटरवर, मधे रान. लाइन येण्याची आशा सोडून डिसेंबरात ३३५ वॅटची चार पॅनेल, १५० अँपिअर-अवरच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या आणि २४ व्होल्टवर चालणारा १५०० व्हीएचा इन्व्हर्टर बसवला. पाऊस लागल्यापासून मिक्सरला हात लावला की घरातल्या बाईंना झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत मंद पेटतो. वायरमनचे म्हणणे, ‘सोलरला अर्थिंग लागत नाही. आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) बसवली आहे, बटण दाबले की पडते, मग भीती कसली?’ ऑफ-ग्रिडला, म्हणजे लाइनला न जोडलेल्या सोलरला, काही नियम असतात का, आणि तपासायला कोणी येते का, हेही विचारले आहे.

दादा, आधी आजचे काम. तो मिक्सर वहिनींना वापरायला देऊ नका. पाण्याचा पंप, इस्त्री, धातूच्या अंगाचे जे काही त्या इन्व्हर्टरवर चालते, ते खालची दुरुस्ती होईपर्यंत बंद. दिवे, छताचे पंखे आणि मोबाईल चार्जर चालू राहू द्या. मिक्सर बदलून आणला तरी दुखणे जाणार नाही, कारण मुख्य दोष मिक्सरमध्ये नाही.

दोन्ही भोकांत पेटणारा टेस्टर ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची खूण आहे. गावातल्या घरात टेस्टर एकाच भोकात पेटतो, कारण दुसरी तार, म्हणजे न्यूट्रल, ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते. ते काम वीज खात्याने केलेले असते आणि आपण त्याचा कधी विचारही करत नाही. तुमच्या घरी ट्रान्सफॉर्मर नाही. इन्व्हर्टर बॅटरीपासून २३० व्होल्ट तयार करतो, पण त्याच्या दोन तारांपैकी कुठलीही जमिनीला बांधलेली नसते. दोन्ही तरंगत असतात. जमिनीच्या हिशेबाने प्रत्येक तारेवर साधारण निम्मे व्होल्टेज दिसते, म्हणून टेस्टर दोन्हीकडे मंद पेटतो. तुमच्या घरात फेज आणि न्यूट्रल अशी नावेच अजून पडलेली नाहीत. दोन्ही फेजच समजा.

तुमच्या वायरमनच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, ते मान्य करतो. तरंगत्या वीजपुरवठ्यात एका तारेला हात लागला तर जमिनीतून परतायला वाट नसल्यामुळे जोराचा झटका बसत नाही. रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया विभागात मुद्दाम अशीच व्यवस्था करतात. पण तिथे इन्सुलेशनवर (तारेवरच्या आवरणावर) सतत नजर ठेवणारे यंत्र असते. एका तारेचे इन्सुलेशन कुठे गेले की ते वाजते, आणि माणसे लगेच दोष शोधतात. तुमच्या घरी वाजणारे काही नाही. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरीत त्याहून जास्त. जूनमध्ये भिंती ओल धरतात, चिऱ्याच्या भिंतीत बसवलेल्या सॉकेटच्या पेटीत पाणी साचते, आणि एक तार गुपचूप जमिनीला टेकते. हा पहिला दोष. काही घडत नाही, दिवे चालू राहतात, कोणाला कळत नाही. त्या क्षणापासून दुसरी तार जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० व्होल्टवर गेलेली असते. मग ओल्या पायांनी मिक्सर धरणारा माणूस हाच दुसरा दोष ठरतो. वहिनींच्या झिणझिण्या पाऊस लागल्यावर सुरू झाल्या, म्हणून मला हे घाईचे वाटते. त्यात मिक्सरचा प्लग दोन पिनांचा असेल किंवा सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तारच नसेल, तर त्या गळतीला दुसरी वाटही नाही.

आता आरसीसीबीच्या बटणाविषयी सविस्तर सांगतो. ही चुकीची समजूत मी चांगल्या चांगल्या वायरमनांकडे पाहिली आहे. आरसीसीबी एकच गोष्ट पाहते: एका तारेने जेवढा करंट गेला तेवढाच दुसरीने परत आला का. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की ती तुटते. तिचे टेस्ट बटण मात्र आतल्या आत, एका तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंत, लहान रेझिस्टरमधून मुद्दाम असा फरक घडवते. त्यात जमिनीचा संबंध येतच नाही. अर्थिंगची तार तुटलेली असो, मुळात नसो, इन्व्हर्टरचा न्यूट्रल तरंगता असो, बटण दाबले की आरसीसीबी पडणारच. बटणाने कळते ते इतकेच की आतली यंत्रणा अडकलेली नाही. माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा करंट ती पकडेल का, हे बटण सांगू शकत नाही. तरंगत्या न्यूट्रलवर तो करंट एकतर परत येत नाही, नाहीतर ओल्या भिंतीतल्या पहिल्या दोषातून, आरसीसीबीच्या पलीकडेच, दुसऱ्या तारेला मिळतो, म्हणून फरक पडत नाही, म्हणून ती पडत नाही. एका घरी दोन वर्षे घरमालक दर महिन्याला नेमाने बटण दाबून पाहत होता. मी आरसीसीबी तपासण्याचे यंत्र सॉकेटला लावून फेजमधून अर्थमध्ये ३० मिलीअँपिअर सोडले, आरसीसीबी हलली नाही. एवढा नियम पाळणाऱ्या माणसाला हे सांगताना मला फार वाईट वाटले होते.

मग करायचे काय? इन्व्हर्टरच्या आउटपुटची एक तार न्यूट्रल ठरवायची आणि ती मुख्य डीबीत (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीत), आरसीसीबीच्या अलीकडे, म्हणजे इन्व्हर्टरच्या बाजूला, अर्थच्या पट्टीला एकाच ठिकाणी जोडायची. एकाच ठिकाणी म्हणजे एकाच ठिकाणी. पुढे कुठल्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ पुन्हा भेटले तर आरसीसीबी विनाकारण पडत राहते, आणि कंटाळून कोणीतरी ती काढून टाकते. या जोडणीनंतर फेजची तार मिक्सरच्या अंगाला टेकली तर करंट हिरव्या, म्हणजे अर्थच्या, तारेने, तांब्यातूनच इन्व्हर्टरकडे परत जातो, आरसीसीबीला फरक दिसतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तुटते.

पण थांबा, आज संध्याकाळीच तार जोडू नका. काही इन्व्हर्टर असे असतात की त्यांची आउटपुटची तार जमिनीला जोडली की आतले ट्रान्झिस्टर उडतात. स्वस्त मॉडिफाइड साइन वेव्ह (ओबडधोबड लहरीच्या) मालात आणि काही ट्रान्सफॉर्मर नसलेल्या यंत्रांत हा धोका असतो. मोठा ट्रान्सफॉर्मर असलेला जड इन्व्हर्टर बहुधा हे सहन करतो. तरी ‘बहुधा’वर काम करू नका. मॅन्युअलमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडणीबद्दल काय लिहिले आहे ते वाचा, नसेल तर कंपनीकडून लेखी मागा. काही यंत्रांत ही जोडणी करणारा रिले आतच असतो, मग बाहेरून दुसरी जोडणी नको. कंपनीने नकार दिला तर इन्व्हर्टर आणि डीबी यांच्या मधे १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज तेच ठेवून दोन्ही बाजूंच्या तारा वेगळ्या ठेवणारा) घालून त्याच्या दुय्यम, म्हणजे डीबीकडच्या, बाजूला न्यूट्रल अर्थ करता येतो. खर्च वाढतो, थोडी वीजही खातो, पण मार्ग पक्का आहे. गणेश चवथीला घर भरते तेव्हा पेट्रोलचा जनरेटर लावत असाल, तर चेंजओव्हर (इन्व्हर्टर आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच) दोन्ही तारा तोडणारा हवा. एकच तार बदलणारा चालणार नाही.

‘एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच) आहे ना’ असेही कोणी म्हणेल. वीज खात्याच्या लाइनवर शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर येतात आणि एमसीबी तडक पडते. तुमच्या १५०० व्हीएच्या इन्व्हर्टरचा पूर्ण करंटच साडेसहा अँपिअर. शॉर्टमध्ये तो क्षणभर दुप्पट-तिप्पट देईल आणि मग स्वतःला बंद करेल. १६ अँपिअरची ‘सी कर्व्ह’ जातीची एमसीबी तडक पडायला किमान ८० अँपिअर लागतात, ते तुमच्या घरात कुठून येणार? म्हणजे लाइनवरच्या घरात एमसीबी जे संरक्षण देते त्यातले बरेचसे इथे मिळत नाही. ऑफ-ग्रिड घरात माणसाचा जीव आरसीसीबी आणि हिरव्या तारेवर अवलंबून असतो, आणि तुमच्याकडे नेमक्या याच दोन गोष्टी निकामी आहेत.

अर्थ पिटचे, म्हणजे जमिनीत अर्थ पुरतात त्या खड्ड्याचे, आता. आपली जांभ्या दगडाची जमीन अर्थिंगला वाईट. कुळागरातली माती ओली, काळी, पण घर बहुतेक वेळा वरच्या कातळावर असते. ऑगस्टमध्ये पाच-सहा ओहम दाखवणारा पिट मे महिन्यात तिसाच्या वर गेलेला मी मोजला आहे. म्हणून मोजणी एप्रिल-मेमध्येच करा. पिट शक्यतो कुळागराच्या पाटाजवळ, बारमाही ओल राहते तिथे घ्या, आणि तिथून घरापर्यंत तांब्याची जाड तार आणा. तीन मीटरचे दोन इलेक्ट्रोड, एकमेकांपासून किमान तीन मीटर दूर, हे एका सहा मीटरच्या खड्ड्यापेक्षा कातळावर सोपे पडते. मीठ-कोळसा भरण्याची जुनी पद्धत मी सोडली आहे. आपल्या पावसात मीठ दोन-तीन वर्षांत वाहून जाते आणि जाता जाता जीआय पाइप खाते. बेंटोनाइट माती बरी. न्यूट्रल-अर्थ जोडणी झाल्यावर घरातल्या दोषाचा करंट तांब्यातूनच फिरतो, म्हणून झटक्यापासून वाचायला पिट फार उत्तम असण्याची गरज उरत नाही. पिट खरा लागतो तो विजा पडतात तेव्हा.

आपल्याकडे मेअखेर आणि पुन्हा ऑक्टोबरात गडगडाट होतो, आणि सह्याद्रीच्या पायथ्याला तो जास्तच जाणवतो. पॅनेलची फ्रेम, लोखंडी स्टँड, इन्व्हर्टरचे अंग, डीबीची पट्टी, सगळे एकमेकांना जोडलेले हवे. ‘पॅनेलचा अर्थ वेगळा, घराचा वेगळा, दोघांची गाठ नको’ असे सांगणारे भेटतील. पिट दोन असू द्या, पण ते जमिनीखालून तारेने जोडा. नाहीतर जवळ वीज पडली की एका पिटचे व्होल्टेज वर चढते, दुसऱ्याचे खालीच राहते, आणि तो सगळा फरक तुमच्या इन्व्हर्टरमधून वाट काढतो. पॅनेलकडून येणाऱ्या तारेवर डीसीचा एसपीडी (आभाळातल्या विजेचा लोट जमिनीत वळवणारे उपकरण) बसवा आणि त्याच्या जोडतारा अर्ध्या मीटरपेक्षा लांब होऊ देऊ नका. लांब तारेमुळे एसपीडीचा उपयोग निम्मा होतो. प्लस आणि मायनस या तारा छपरावरून वेगवेगळ्या वाटांनी आणू नका, एकाच पाइपातून शेजारी शेजारी आणा. मधे मोकळे वर्तुळ जेवढे मोठे, तेवढे जवळ पडलेल्या विजेचे व्होल्टेज त्यात जास्त उमटते. हा उपाय फुकटचा आहे, तरी दहांतल्या सात घरांत मला तो केलेला दिसत नाही.

डीसी बाजूकडे, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीकडे, वळतो. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. साधी घरगुती एसी एमसीबी किंवा पियानो स्विच पॅनेलच्या तारेवर लावला तर आतली ठिणगी जळत राहते आणि प्लास्टिकची पेटी वितळते. तुमची चार पॅनेल दोन-दोनच्या मालिकेत असतील तर उघड्या टोकांचे व्होल्टेज सुमारे ९२ भरते. डिसेंबरातल्या पहाटे डोंगराखाली पंधरा अंशांपर्यंत पारा उतरतो तेव्हा ते आणखी तीन टक्के वाढून ९५ च्या आसपास जाते. चार्ज कंट्रोलरची (पॅनेलची वीज बेताने बॅटरीत भरणाऱ्या यंत्राची) मर्यादा १०० व्होल्ट असेल तर जागा फारच कमी उरली, १५० चा असेल तर निश्चिंत. चारही पॅनेल एकाच मालिकेत जोडली असतील, तर १८४ व्होल्ट झाले. मग तो कंट्रोलर आत्ताच तपासा. ओल्या हातांना हे डीसी व्होल्टेज जिवावर बेतू शकते, ‘चोवीस व्होल्टचे सोलर आहे’ या भरवशावर छपरावर चढू नका.

डीसी एमसीबी विकत घेताना तिच्या अंगावर प्लस-मायनसच्या खुणा आहेत का पाहा. असल्या तर ती एकाच दिशेच्या करंटसाठी आहे, उलटी जोडली तर ठिणगी विझवण्याऐवजी स्वतःच पेटते. पॅनेलकडच्या तारेवर ती चालते. बॅटरीच्या तारेवर मुळीच नाही, कारण तिथे दिवसा करंट आत जातो, रात्री बाहेर येतो. बॅटरीला फ्यूजच लावा.

बॅटरीचा फ्यूज हा असा मुद्दा आहे ज्यावर मी कधी तडजोड करत नाही. मोठ्या ट्यूब्युलर बॅटरीची दोन टोके पान्ह्याने जोडली गेली तर हजारो अँपिअर वाहतात. पान्हा लाल होऊन वितळतो. तुमच्याकडे दोन-दोन बॅटऱ्यांच्या दोन जोड्या एकमेकींना समांतर जोडलेल्या, म्हणजे एका जोडीत दोष आला तर दुसरी तिच्यात करंट ओतणार. प्रत्येक जोडीला वेगळा फ्यूज, बॅटरीच्या प्लसपासून हातभर अंतरात. १२०० वॅटचा भार २१ व्होल्टपर्यंत उतरलेल्या बॅटरीवर चालला तर इन्व्हर्टरमधले नुकसान धरून सुमारे ६७ अँपिअर लागतात. तेव्हा इन्व्हर्टरची मुख्य तार २५ चौरस मिलिमीटर तांब्याची आणि तिच्यावर १०० अँपिअरचा डीसी फ्यूज, हे मला योग्य वाटते. फ्यूज असा हवा की हजारो अँपिअर तोडू शकेल. गाडीतला लहान पात्याचा चालणार नाही. लग (तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या) हातोडीने चेपलेले नकोत, क्रिंपिंगच्या यंत्राने दाबलेले हवेत. पक्कडीने दाबलेला लग पहिल्या वर्षी गरम होतो, खाऱ्या-दमट हवेत हिरवा पडतो, मग आणखी गरम होतो.

बॅटऱ्या देवघराच्या मागे किंवा बंद कपाटात असतील तर बाहेर काढा. चार्ज होताना त्या हायड्रोजन सोडतात आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीने पेटतो. हा वायू वर जातो, तेव्हा खोलीला छताजवळ झरोका हवा. खालची खिडकी पुरत नाही. फ्यूज, स्विच आणि इन्व्हर्टर बॅटरीच्या थेट वर बसवू नयेत. हात लावण्यापूर्वी अंगठी, कडे, घड्याळ काढा. पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा.

आता नियमांविषयी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सुरक्षा विनियमावली २०१० ची होती, तिच्या जागी २०२३ ची आली. घरातल्या वायरिंगला आयएस ७३२ आणि अर्थिंगला आयएस ३०४३ ही भारतीय मानके आहेत. वीज खांबावरून आली की छपरावरून, वायरिंग ते वायरिंगच. पॅनेलच्या डीसी मांडणीसाठी आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२५४८. मालाच्या पेटीवर पाहायचे झाले तर पॅनेलला आयएस १४२८६ आणि आयएस/आयईसी ६१७३०, इन्व्हर्टरच्या सुरक्षेला आयएस १६२२१ भाग २, बॅटरीला आयएस १६२७०, सोलरच्या तारेला आयएस १७२९३, आरसीसीबीला आयएस १२६४०. विक्रेता आयएस १६१६९ चे प्रमाणपत्र दाखवून समाधान करत असेल तर त्यावर समाधान मानू नका. ते लाइनला जोडलेल्या इन्व्हर्टरने लाइन गेल्यावर बंद व्हावे यासाठीचे मानक आहे, तुमच्या झिणझिण्यांशी त्याचा संबंध नाही.

तपासायला कोणी येते का? नेट मीटर घेणाऱ्याकडे जोडणीच्या वेळी वीज खात्याची माणसे येतात. तुमच्याकडे जोडणीच नाही, त्यामुळे तो टप्पाही नाही. म्हणून परवाना असलेला वायरमन स्वतः बोलवा आणि त्याच्याकडून काही आकडे लेखी घ्या: अर्थ पिटचे ओहम, तारांचे मेगरने मोजलेले इन्सुलेशन (इन्व्हर्टर आणि उपकरणे सोडवून ठेवून), आणि सॉकेटमधून फेज ते अर्थ ३० मिलीअँपिअर सोडल्यावर आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडली. शेवटची चाचणी प्रत्येक खोलीत, न्हाणीघराजवळच्या सॉकेटवर तर नक्कीच. ‘बटण दाबून दाखवतो’ म्हणाला तर आरसीसीबीच्या बटणाचा वरचा परिच्छेद त्याला वाचून दाखवा. न्यूट्रल-अर्थ जोडणी झाली की टेस्टर एकाच भोकात पेटला पाहिजे, ही तुम्हाला घरी बसून पडताळता येईल अशी खूण.

नळ्यांच्या छपरावर उंदीर आणि हुमले (लाल मुंग्या) फार. तारा उघड्या नळ्यांवर न ठेवता पाइपातून न्या, पेटीत तार खालून आत घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच गळते. माडाखाली पॅनेल असेल तर जागा बदला. नारळ पडून काच तडकली की पावसात त्या तड्यातून करंट फ्रेमवर येतो, शिवाय झावळीच्या सावलीने पॅनेलचा काही भाग तापतो. आणि घरातल्या सगळ्यांना, आजीपासून पोरांपर्यंत, एक सांगून ठेवा: धूर दिसला तर बॅटरीचा स्विच पाडायचा, पण पॅनेल उजेड असेपर्यंत वीज देतच राहते, तेव्हा छपराकडच्या तारांवर पाणी मारायचे नाही.

तुमच्या इन्व्हर्टरचे मॉडेल, मागच्या पाटीवरचा मजकूर आणि चार्ज कंट्रोलरची व्होल्टेजची मर्यादा कळवा. न्यूट्रल अर्थ करता येईल की आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागेल, ते त्यावरून सांगतो. तोवर मिक्सर बंदच.